मऊ जागा

दोर माझ्या तळहातातून सरकत होता आणि मास्तर बोलत होते.

“वहिनी गेल्या, पण हा दोर नदीवर आहे तोवर त्या आपल्यातच आहेत,” मास्तर म्हणाले. त्यांना शाळेबाहेरही साधं बोलता येत नाही. कारखान्याच्या दाराशी बरीच माणसं जमली होती. दोर न्यायला नावाड्याने हातगाडी आणली होती आणि तिच्या दांड्याला कुणीतरी फुलं बांधली होती.

दोर कारखान्याबाहेर पडण्याआधी त्यावरून एकदा तळहात फिरवायचा, ही आमच्याकडची पद्धत. हे काम बायकोचं होतं. मी गुंडाळी सोडत जायचो आणि ती डोळे मिटून दोर हातातून जाऊ द्यायची. डोळे उघडे असले की हात आळशी होतो, असं ती म्हणायची. आज गुंडाळी नावाडी सोडत होता आणि डोळे मी मिटले होते.

अर्धा दोर गेला, आणि पुढे एका जागी तो मऊ लागला.

मी हात मागे नेला, पुन्हा पुढे आणला. हातभर जागा होती. डोळे उघडून बघितलं तर काहीच दिसेना. तिन्ही पेड एकमेकांवर नीट बसलेले, तेल मुरलेलं, रंग सगळीकडे सारखा. पण चिमटीत धरून दाबलं की जास्त पिकलेल्या केळ्यासारखा दोर आत जात होता. पीळ तिथे भरलाच नव्हता.

“काय दादा, थांबलात?” नावाडी म्हणाला. “सोडू पुढं?”

मी मान हलवली. उरलेला दोर हातातून गेला. तो चांगला होता. बाकी सगळाच चांगला होता.

हा दोर या काठापासून त्या काठापर्यंत ताणतात. नावेला कप्पी आहे, ती दोरावरून फिरते. नावाडी आणि नावेत बसलेली माणसं दोर ओढत ओढत पलीकडे जातात. वल्हं नाही, मोटर नाही. नदी भरली की सगळी नाव त्या एका दोराच्या भरवशावर असते, आणि खाली हाकेच्या अंतरावर बंधारा आहे. नावेत शाळेची मुलं असतात. पलीकडच्या दवाखान्यात जाणारी सिस्टर असते. दोर दर वर्षी नवा लागतो. कापून सांधलेला चालत नाही, कारण सांध्याची जाडी कप्पीत अडकते.

“चला, उचला,” मास्तर म्हणाले.

“हा दोर जाणार नाही,” मी म्हणालो.

मास्तरांचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. “म्हणजे?”

“म्हणजे हा नाही जाणार. दुसरा देतो.”

नावाडी हसला. “दादा, चेष्टा पुरे. परवा धरणाचे दरवाजे उघडणार आहेत. पाणी चढलं की दोर पलीकडं न्यायचा कसा, पोहत? आणि जुना तर आपण कालच उतरवला. पोरांनी तुकडे करून नेलासुद्धा.”

“उद्या संध्याकाळपर्यंत देतो.”

“एका दिवसात?” आतून तोफ ओरडली. तोफ म्हणजे आमच्याकडे दोराचे तंतू, वाख, कातणारी बाई. कारखाना सुरू झाला तेव्हापासून आहे. ती हळू बोलली तरी रस्त्यापर्यंत ऐकू जातं. “आधी बायको गेली, आता डोकं पण गेलं का काय!”

कुणी हसलं नाही. मास्तर माझ्याजवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, “दोरवाले, आम्हाला कळतं. त्यांच्या हातचा शेवटचा दोर. जीव अडकणारच. पण त्यांना काय आवडलं असतं, त्याचा विचार करा.”

मास्तर माणूस चांगला आहे. खरं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. इथे हात लावा, ही जागा मऊ आहे, एवढंच म्हणायचं होतं. मग प्रत्येकाने पुढे येऊन हात लावून बघितला असता. नावाड्याने ते नदीवर सांगितलं असतं, कारण नावाड्याच्या पोटात काही राहत नाही. आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही काठांवर झालं असतं, की शेवटी शेवटी वहिनींचे हात चालत नव्हते, दोर कच्चा गेला असता, थोडक्यात वाचलो. तिच्या हातचा एकही दोर कधी परत आला नव्हता.

“हो,” मी म्हणालो. “जीव अडकलाय. नाही देत.”

मास्तरांनी खांद्यावरचा हात काढून घेतला.

“घ्या,” मागून कुणीतरी म्हणालं. “नाव यांच्या पैशाची, दोर यांचा. मालकांची मर्जी.”

“वहिनी होत्या तेव्हा मालक कुणी नव्हतं,” दुसरा म्हणाला.

हे लागलं. मी दोर गुंडाळू लागलो. नावाडी रिकामी हातगाडी घेऊन निघाला. वळणावर दांड्याची फुलं सुटून पडली, ती उचलायला कुणी थांबलं नाही.

बायको पलीकडच्या काठची होती. नदी भरली की लहानपणी तिची शाळा बंद व्हायची, आणि एका वर्षी बंद झाली ती कायमचीच. लग्न करून इकडे आली, माझ्या बापाच्या या लांबच लांब शेडमध्ये दोर वळायला शिकली, आणि धंद्यात चार पैसे दिसायला लागल्यावर तिने एक नियम घातला. वाख, मजुरी, गाडीभाडं भागवून जे उरेल त्याचे दोन भाग करायचे. एक घरचं, एक बाहेरचं. बाहेरच्यातून आधी नाव झाली. मग नावाड्याचा पगार सुरू झाला, म्हणजे कुणाला भाडं पडू नये. मग दवाखान्याचं छप्पर, शाळेचे बाक. मी कधी कुरकुरलो तर म्हणायची, “आपण दोर विकतो. दोर म्हणजे दोन टोकं. एकच टोक धरून बसलं तर त्याचा उपयोग काय?” यावर मी पैशांचे दोन ढीग करायला लागायचो. ते तिला आवडायचं.

मुलीचं मत वेगळं होतं. ती शहरात नोकरी करते. आई गेल्यावर आली होती, तेव्हा शेड विकून टाका म्हणाली होती, आणि आता दोर लावायचा म्हणून पुन्हा आली होती. माणसं पांगल्यावर तिने शेडचं दार लोटलं.

“बाबा, हे काय चाललंय?”

“काही नाही.”

“काही नाही? मी सायकल मागितली तेव्हा आईने नावेला नव्या फळ्या घेतल्या. तेव्हा तुम्हीच मला समजावलं होतंत, नाव सगळ्यांची आहे म्हणून. मी रडत शाळेत चालत गेले. आणि आज तुम्ही एक दोर धरून बसलात?”

“तुझी सायकल पुढच्या वर्षी घेतली होती.”

“विषय सायकलचा नाहीये!”

“तूच काढलास.”

ती चिडली की तिच्या आईसारखी हसते, म्हणजे नाकातून, आवाज न करता. “आई असती ना, तर तुम्हाला या दोरानेच बांधून ठेवलं असतं.”

“असती तर,” मी म्हणालो.

दोर वळायचा म्हणजे दोन माणसं लागतात. तीन पेड आधी तयार करायचे. शेडच्या एका टोकाला चाक आहे, त्याला तीन आकडे. तिथे तीन पेडांची तीन टोकं. दुसऱ्या टोकाला एकच आकडा, त्यात तिन्ही पेड एकत्र. मध्ये लाकडी ठोकळा, त्याला तीन खाचा, प्रत्येक खाचेत एक पेड. एकाने चाक फिरवायचं. पीळ चढतो तसा ठोकळा चाकाकडे पळायला बघतो, आणि त्याच्या मागे दोर तयार होत जातो. ठोकळा धरणाऱ्याने त्याला पळू द्यायचं नाही. दोन्ही हातांनी मागे ओढून धरायचा आणि एका चालीने पुढे जाऊ द्यायचा. हात सुटला तर ठोकळा उडी घेतो, आणि तेवढ्या जागेत दोर मऊ होतो. चाक मी फिरवायचो. ठोकळा बायको धरायची.

“ठोकळा धरशील?” मी मुलीला विचारलं.

“मी? लग्नाआधी धरला होता शेवटचा.”

“दुसरं कोण आहे?”

“तोफमावशी?”

“माझे हात कातायचे,” तोफ कोपऱ्यातून म्हणाली. “तो ठोकळा मला घेऊन चाकात जाईल. आणि पेड कुठायत? का आता हवेचा दोर वळणार?”

“तंबूवाल्याचे आहेत ना.”

तोफेने हातातला वाख खाली ठेवला. तंबूवाल्याची ऑर्डर आमची वर्षातली मोठी. तिचे पेड तयार होऊन भिंतीशी टांगलेले होते, आणि तो माल आठवड्याअखेर न्यायला येणार होता.

“तंबूवाला बोंबलेल,” ती म्हणाली.

“बोंबलू दे.”

“बोंबलून दुसरीकडे जाईल.”

“जाऊ दे.”

“मग यंदा बाहेरचं काय उरणार? नावाड्याला काय देणार, वाख?”

“घरच्यातून देऊ.”

“वा!” तोफ म्हणाली. “एक दोर जपायला सगळा धंदा बुडवा. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही तुमचा. ती होती म्हणून चाललं.” असं म्हणून ती उठली आणि पेड उतरवायला लागली.

तेवढ्यात सिस्टर आली. नदीवर कळलं असणार. ती दारातच उभी राहिली, चप्पल काढली नाही.

“काका, मी भांडायला नाही आले. पण पलीकडे एक पोरगी आहे, दिवस भरलेत तिचे. बाळ आडवं आहे. कळा सुरू झाल्या की तिला इकडे आणावं लागेल, मोठ्या दवाखान्यात. पाणी चढल्यावर नाव नसेल तर...”

“उद्या संध्याकाळी दोर लागेल.”

“नाही लागला तर?”

“लागेल.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या दोराकडे बघितलं. “तो तयार आहे की,” एवढंच म्हणाली आणि गेली.

नव्या दोराची लांबी ठरवायला बायकोचा दोर शेडभर पसरावा लागणार होता. उजेड होता तोवर मी तो पसरला. ज्या टोकापासून वळला होता ते टोक त्याच आकड्याला अडकवलं आणि चाकाकडे नेत गेलो. मुलगी दोराच्या कडेने चालत होती. चालता चालता तिने दोरावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. तिला तसं आईनेच शिकवलं होतं. मी चाकाशी उभा होतो. नको म्हणावं असं वाटलं, पण काय कारण सांगणार?

अर्ध्याच्या पुढे ती थांबली.

हात मागे गेला, पुन्हा पुढे आला. तिने डोळे उघडले. खाली दोराकडे बघितलं, मग समोर.

समोर शेडचा मधला खांब होता. त्या खांबावर खांद्याच्या खाली एक काळपट डाग आहे. तेलाच्या हाताने रोज त्याच जागी टेकलं तर लाकडावर पडतो तसा. तो डाग मी रोज बघत होतो आणि मला तो खांबाचाच वाटत होता.

“बाबा.”

“हं.”

“इथे तिने एक हात सोडला.”

मी चाक सोडून तिच्याजवळ गेलो.

तिने डागावर आपला तळहात ठेवला. तो बरोबर बसला. “मला फोनवर म्हणायची, जरा दम लागतो. बाकी काही नाही.”

“मलाही तेवढंच म्हणायची.”

“मग मास्तरांना सांगायचं होतंत ना. सगळे तुम्हाला...”

“काय सांगायचं होतं?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग डागावरचा हात काढला, फ्रॉक घालायची तेव्हा जसा पुसायची तसा ओढणीला पुसला आणि म्हणाली, “लांबी झाली घेऊन? मग गुंडाळा हा. तोफमावशी येऊन हात लावेल.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तिन्ही पेड आकड्यांना लागले. बाहेर वारा सुटला होता. धरणावरून निरोप आला होता की पाणी सांगितल्यापेक्षा आधी सोडतील. नावाडी दाराशी येऊन बसला होता. तो आज काहीच बोलत नव्हता, आणि नावाडी बोलत नाही म्हणजे काळजीचं कारण असतं.

मी चाक फिरवायला सुरुवात केली. मुलीने ठोकळा धरला. पहिल्या काही पावलांतच ठोकळ्याने तिला ओढलं आणि ती ठेचकाळली.

“टाच रोव,” मी ओरडलो.

“माहितेय!”

“कमरेतून धर, हातातून नको.”

“बाबा, तुम्ही चाक बघा!”

मी चाक बघत होतो. पण चाकाच्या दांड्यातून ठोकळा कळतो. पुढचं माणूस एका चालीने येत असेल तर दांडा एकसारखा जड लागतो. बायको असताना तो जडपणा इतका सवयीचा होता की मी फिरवता फिरवता दुसऱ्याच गोष्टींचा विचार करायचो. शेवटच्या दोराला मध्येच दांडा क्षणभर हलका झाला असणार. मला आठवत नाही. आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला.

मुलगी येत होती. तिच्या मागे दोर तयार होत होता. तिचे दात आवळलेले होते, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. तोफ तिच्या बाजूने उलटी चालत पेडांना तेलाचं फडकं लावत होती आणि सारखी म्हणत होती, “ये माझी बाई, ये. ये माझी बाई.” एरवीपेक्षा फार हळू.

खांब जवळ आला. तिचा श्वास मला चाकापर्यंत ऐकू येत होता.

“थांबू का?” मी विचारलं. चाक थांबलं की दोराला तिथे खूण राहते, हे तिला माहीत होतं. मलाही होतं. तरी विचारलं.

तिने खांबाकडे बघितलंसुद्धा नाही. “फिरवत रहा.”

दांडा जडच राहिला. ती खांब ओलांडून पुढे आली, एका चालीने, ठोकळा मागे ओढत, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबली. मी चाक अडकवलं. तिला ठोकळा सोडताच येईना, बोटं वळलेलीच राहिली होती. तोफेने ती एकेक करून सोडवली. तळव्यांची सालं निघाली होती.

मग तोफेने दोर सोडत नेला आणि मी डोळे मिटून तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठेही मऊ नव्हता. मध्ये एके ठिकाणी जरा खरखरीत होता, पण खरखरीत चालतो.

“न्या,” मी नावाड्याला म्हणालो.

या वेळी गाडीला फुलं नव्हती. उजेड असतानाच दोर पलीकडे नेऊन ताणला. पाणी तेव्हाच गढूळ झालं होतं. काठावर मास्तर होते. त्यांनी भाषण केलं नाही, माझ्याशीही बोलले नाहीत. कुणीतरी म्हणालं, “पोरीने वेळ निभावली, नाहीतर यांनी बुडवलं होतं.” मुलीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तिचं तोंड उघडलं होतं. मी तिच्या कोपराला हात लावला. तिने तोंड मिटलं.

जाताना ती म्हणाली, “शेड विकायचं म्हणत होते मी. ते राहू दे. पुढच्या वर्षी वळायच्या आधी मला कळवा.” तिच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या, पिशवी मी उचलून दिली.

तंबूवाला आला, बोंबलला आणि दुसरीकडे गेला. काम कमी होतं. मी बायकोचा दोर घेऊन शेडच्या दाराशी बसलो आणि तो उकलायला लागलो.

“आता हे काय?” तोफ म्हणाली. “ज्याच्यासाठी सगळ्या जगाशी वाकडं घेतलंत, तो दोर उसवताय?”

“नावेच्या फटींना लागेल. नावाडी दर वर्षी विकत आणतो.”

“जीव अडकला होता ना त्यात?”

“सुटला.”

तिने माझ्याकडे, मग दोराकडे बघितलं. मग समोर बसली आणि दुसऱ्या टोकाकडून उकलायला लागली. तेल मुरलेला, भरल्या पिळाचा दोर सहजासहजी उकलत नाही. पेडांत लोखंडी सळई घालून एकेक वळसा सोडवावा लागतो. तोफ शिव्या देत होती. “काय वळला होता बाईने, सळई वाकली माझी.”

“हो,” मी म्हणालो.

मधली जागा माझ्या बाजूला आली. तिथे सळई लागली नाही. बोट घातलं आणि पेड आपोआप वेगळे झाले. तेवढा वाख मी थोडा वेळ मांडीवर ठेवला. मग तोही टोपलीत टाकला.

पाणी जरा उतरल्यावर नावाड्याने नाव काठावर घेतली. तो वाख डांबरात बुडवून त्याने फळ्यांच्या फटींत ठोकून बसवला. माल कुठला, हे त्याने विचारलं नाही. “दादा, विकतच्यापेक्षा चांगला बसतोय,” एवढं म्हणाला.

त्यानंतर एकदा मी पलीकडे गेलो. येताना नावेत शाळेची मुलं होती, सिस्टर होती आणि तिच्या शेजारी बाळ मांडीवर घेतलेली एक पोरगी. तिला भरल्या पाण्यातून इकडे आणलं होतं, ती आता मोठ्या दवाखान्यात बाळ दाखवायला निघाली होती. सिस्टर माझ्याकडे बघून जराशी हसली. मुलं दोर ओढत होती, कप्पी करकरत होती.

“तळ बघा दादा,” नावाडी म्हणाला. “दर वर्षी पाणी उपसून हात दुखायचे. यंदा थेंब नाही.”

मी वाकलो, डोळे मिटले आणि पायाखालच्या फळ्यांच्या सांध्यांवरून तळहात फिरवला. कोरडे होते.